‘संप्रेरकजन्य’ की ‘संप्रेरकसाधित’?

प्रश्न : आईची हाडे ठिसूळ झाल्यामुळे तिला टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन रोज घरीच पेनने टोचावे लागते. खोक्यातील मराठी माहितीपत्रकात या औषधाला ‘संप्रेरकजन्य पेप्टाइड’, म्हणजे हार्मोनपासून जन्मलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी, असे म्हटले आहे. औषध कारखान्यात तयार होत असताना ‘जन्य’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : शंका रास्त आहे. ‘जलजन्य’, ‘कीटकजन्य’ या शब्दांत आजाराचा उगम सांगितलेला असतो. पेप्टाइडांमध्ये असा शब्द शोभेल तो सी-पेप्टाइडला. स्वादुपिंडात प्रोइन्सुलिनची (इन्सुलिनच्या पूर्वरूपाची) साखळी कापली जाऊन इन्सुलिन सुटे होते, तेव्हा मधला 31 अमिनो आम्लांचा जो तुकडा वेगळा होतो, तो खरोखरच प्रोइन्सुलिनजन्य असतो. टेरिपॅराटाइड मात्र शरीरातील संप्रेरक कापून मिळवलेले नसते. मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक 84 अमिनो आम्लांचे असून त्यांपैकी पहिल्या 34 आम्लांचा क्रम तसाच ठेवून हे औषध स्वतंत्रपणे घडवतात. म्हणून मी ‘संप्रेरकसाधित’ म्हणेन. व्याकरणात ‘गोड’ हा सिद्ध आणि ‘गोडवा’ हा साधित शब्द. (तेथे प्रत्यय जोडतात आणि येथे 50 आम्ले गाळली आहेत, हे खरे, पण ठाऊक असलेल्या मुळावरून नवे घडवणे दोन्हीकडे आहेच.)

प्रतिप्रश्न : मग सरळ ‘संप्रेरकाचा अंश’ का म्हणू नये?

उत्तर : रचनेपुरते ते बरोबर आहे, कारण पेशीवरील ग्राहीला (संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या रेणूला) जागे करणारा भाग त्या 34 आम्लांतच असतो. परंतु ‘अंश’ म्हटले की परिणामही मुळाचाच, थोडा कमी, असे वाटते आणि तेथेच फसगत होते. मूळ संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाडे झिजतात. टेरिपॅराटाइड दिवसातून एकदाच 20 मायक्रोग्रॅम टोचले जाते, काही तासांत रक्तातून नाहीसे होते आणि त्या अल्पकाळच्या चेतनेने हाड बांधणाऱ्या पेशींचे काम वरचढ ठरते. शिवाय डेस्मोप्रेसिन या दुसऱ्या औषधाला ‘अंश’ मुळीच लागू पडत नाही. ते ज्यावरून घडवले त्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची नऊही आम्ले त्यात आहेत. फक्त पहिल्यावरचा अमिनो गट काढला आहे आणि आठव्या जागी आर्जिनिनचे आरशातले रूप बसवले आहे. एवढ्याने रक्तदाब वाढवण्याचा गुण जवळजवळ जातो आणि लघवीचे प्रमाण कमी करण्याचा टिकतो. ‘साधित’मध्ये ही दोन्ही औषधे सामावतात.