मदत हवी आहे : नवी गाडी ९० च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरते

जालनेकरीण (धागाकर्ती)
नमस्कार. दीड महिन्यापूर्वी नवी गाडी घेतली आणि महामार्गावर तिला कंप सुटतो. गावात काहीच जाणवत नाही. वितरकाच्या कार्यशाळेत दोनदा दाखवली. पहिल्या वेळी व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) करून दिले, दुसऱ्या वेळी बॅलन्सिंग यंत्रावर (चाकाचे वजन सगळीकडे सारखे आहे का, हे पाहणाऱ्या) चारही चाके शून्य फरक दाखवत आहेत, गाडी नवी आहे, पहिल्या सर्व्हिसपर्यंत आपोआप बसेल, असे सांगून परत पाठवले. शनिवारी आईला तपासणीसाठी समृद्धी महामार्गाने नागपूरला न्यायचे आहे. तिला पाठीचे दुखणे आहे, त्यामुळे मला नेमके उत्तर लवकर हवे आहे.

पाना_पकड
ताई, एवढ्या माहितीवर कोणीही निदान करू शकणार नाही. कंप कोणत्या वेगाला सुरू होतो आणि कोणत्या वेगाला कमी होतो? तो स्टिअरिंगला जाणवतो की बैठकीला आणि पायाखालच्या पत्र्याला? ब्रेक दाबल्यावर वाढतो का? साधारणपणे हाताला जाणवणारा कंप पुढच्या चाकांचा आणि बैठकीला जाणवणारा मागच्या चाकांचा असतो. केवळ ब्रेक दाबल्यावरच तो येत असेल, तर चाकांऐवजी ब्रेकची डिस्क तपासावी लागेल.

सिमेंटचा_रस्ता
समृद्धी हा काँक्रीटचा महामार्ग आहे आणि काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना प्रत्येक गाडी थोडीफार हादरते. मी त्याच रस्त्याने नियमित जातो आणि माझ्या मते गाडीत काहीही दोष नाही.

पाना_पकड
सांध्यांचा आवाज ठरावीक अंतराने 'धप्प' असा येतो आणि त्याने स्टिअरिंग सतत थरथरत नाही. खात्री करायची असेल तर डांबरी रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी.

जालनेकरीण
८५ ला सुरू होतो, ९५ ला सर्वाधिक असतो आणि ११० नंतर कमी होतो. मुख्यतः स्टिअरिंगला जाणवतो. ब्रेकचा संबंध नाही. डांबरी रस्त्यावरही तसेच होते. गाडी १,४०० किलोमीटर चालली आहे, टायर १८५/६५ आर १५ मापाचे आहेत.

नायट्रोजनप्रेमी
टायरमध्ये साधी हवा असेल तर ती काढून नायट्रोजन भरावा. माझ्या गाडीत गेली ४ वर्षे नायट्रोजनच आहे आणि मला कधीही कंप जाणवला नाही.

टायरवाचक
नायट्रोजनाने दाब थोडा अधिक काळ टिकतो, हे मान्य आहे. परंतु साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि चाकाचे वजन एका बाजूला जास्त असेल तर आत कोणता वायू आहे याने काही फरक पडत नाही. त्याऐवजी टायरच्या बाजूवरील शेवटचे ४ अंक पाहा. उदाहरणार्थ, '३५२४' म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. गाडी आवारात अनेक महिने एकाच जागी उभी राहिली असेल, तर टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटे होतात. असा चपटेपणा तात्पुरता असेल तर १५-२० किलोमीटर चालवून टायर गरम झाल्यावर निघून जातो, म्हणून प्रवासाच्या सुरुवातीला आणि तासाभरानंतर कंपात फरक पडतो का, तेही कळवा. शिवाय वाहतुकीच्या वेळी टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते आणि ग्राहकाला गाडी देताना ती कमी करायची काही वेळा राहून जाते. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब, टायर थंड असताना, जुळवून पाहा.

घाटमाथा
टायर दर ८-१० हजार किलोमीटरनंतर पुढचे मागे करावेत, म्हणजे ते सारखे झिजतात.

जालनेकरीण
टायर गाडीच्या निर्मितीच्या महिन्यातलेच आहेत, दाब बरोबर आहे आणि कंप तासाभरानंतरही तेवढाच असतो. टायर झिजण्याबद्दल मी विचारलेले नाही.

पाना_पकड
९५ च्या वेगाला गाडी पाचव्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये चालवून पाहा. इंजिनाचे फेरे वाढूनही कंप तसाच राहिला, तर इंजिनाचा संशय फिटतो. तुमच्या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर भरतो, म्हणजे ९५ ला चाक सेकंदाला साधारण साडेतेरा फेरे घेते. त्या गतीला काही ग्रॅमचा फरकही हाताला जाणवतो. आणि एक राहिलेच : चाके कंपनीने दिलेली मूळचीच आहेत ना?

जालनेकरीण
चौथ्या गिअरमध्येही तसाच आहे. चाके मूळची नाहीत. गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी बाहेरच्या दुकानातून अलॉय (मिश्रधातूची चाके) बसवून घेतले, टायर मात्र मूळचेच त्यांवर चढवले. मूळच्या लोखंडी डिस्क (टायर ज्यावर चढवतात ती चाके) घरी माळ्यावर आहेत. अलॉय नवेकोरे असल्याने त्यांचा उल्लेख आवश्यक वाटला नाही.

पाना_पकड
ताई, हीच माहिती सर्वांत महत्त्वाची होती. बाहेरचे अलॉय अनेक गाड्यांना बसावेत म्हणून त्यांचे मधले भोक मुद्दाम मोठे ठेवतात. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांच्या हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) व्यास ५४.१ मिलिमीटर असतो, तर अशा अलॉयचे भोक अनेकदा ७३.१ मिलिमीटरचे असते. मधली जागा भरणारी हब रिंग नसेल, तर चाक केवळ नटांच्या आधारावर मध्यभागी येते, आणि नट हवेच्या गनने एकामागून एक कसले तर ते किंचित एका बाजूला बसते. बॅलन्सिंग यंत्रावर चाक शंकूने मध्यभागी धरले जाते, म्हणून तिथे शून्य दिसते आणि गाडीवर मात्र कंप राहतो. कार्यशाळेचे यंत्र खोटे बोलत नव्हते. त्यावर हा दोष दिसूच शकत नाही.

टायरवाचक
हे शक्य आहे, परंतु अलॉयच आऊट असण्याची, म्हणजे फिरताना डगमगण्याची, शक्यताही तेवढीच आहे. नवा अलॉयही वाकडा असू शकतो.

पाना_पकड
म्हणूनच अंदाज न करता टायर पुन्हा लोखंडी डिस्कवर चढवून, बॅलन्सिंग करून गाडी चालवावी. कंप गेला तर दोष अलॉयचा किंवा तो बसवण्याचा, राहिला तर टायरचा किंवा हबचा. अलॉयसाठी वेगळे नट दिले असतील तर ते लोखंडी डिस्कला लावू नका, कारण त्यांच्या चाकाला टेकणाऱ्या बाजूचा आकार वेगळा असू शकतो आणि ते सैल पडण्याचा धोका असतो.

जालनेकरीण
गुरुवारी लोखंडी डिस्क मूळच्या नटांसह बसवल्या आणि ११० पर्यंत स्टिअरिंग पूर्णपणे स्थिर राहिले. शनिवारी आईला त्याच चाकांवर नागपूरला नेऊन आणले, आणि परतताना ती वाशिमपर्यंत शांत झोपली होती. नंतर अलॉय मोजून घेतले : भोक ७३.१, हब ५४.१, रिंग एकही नव्हती. रिंगांसह अलॉय पुन्हा बसवल्यावर कंप बराच कमी झाला, तरी ९५ ला थोडा राहिला. टायरवाल्याने चारही चाके फिरवून पाहिली, तेव्हा पुढचा डावा अलॉय आऊट निघाला. तो तापवून सरळ करून देतो, असे दुकानदार म्हणतो. करून घ्यावा का?

टायरवाचक
करू नये. अलॉय तापवून सरळ केला तर त्याची ताकद कमी होते आणि तडा जाऊ शकतो. वस्तू मुळातच सदोष होती, म्हणून बदलूनच मागा. तोवर लोखंडी डिस्कच ठेवा.

पाना_पकड
सहमत आहे. नवा अलॉय आल्यावर नट आडव्या-तिरप्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (कसण्याच्या जोरावर), जोर मोजणाऱ्या पान्याने कसायला सांगा आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या.