गाणं शिकवताना पहिलं वर्ष पेटी (हार्मोनियम) बंद ठेवावी का? (मथळे म्हणजे चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं.)

खर्जाची तार (चर्चाप्रस्ताव)

ख्याल शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिलं वर्षभर पेटीवर सूर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सूर तानपुऱ्यातून आणि शिकवणाऱ्याच्या गळ्यातून यावा.

सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं एकक) धरले, तर पेटीत ते बारा पट्ट्यांना शंभर-शंभर असे सारखे वाटलेले असतात. त्यामुळे शुद्ध गंधार ४०० वर बसतो. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून, जो गंधार आपोआप निघतो तो ३८६ वर असतो. पेटीचा धैवत असाच १६ सेंट चढा, निषाद १२ सेंट चढा, आणि कोमल गंधार उलट १६ सेंट उतरलेला. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा. म्हणून सा-प ऐकून "पेटी तानपुऱ्याशी जुळली" असं वाटतं आणि खरी गफलत गंधार-धैवतावर होते.

ऐकूनच खात्री करून घ्या. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, तानपुरा लावा. पंचमाच्या आणि जोडाच्या (मधल्या दोन षड्जांच्या) तारांवर हात ठेवून फक्त खर्ज दहा-बारा वेळा सावकाश छेडा. आधी षड्ज, मग त्यातून पंचम, आणि आवाज विरत जाताना वर तार सप्तकातला गंधार तरंगतो, ३४६.५ हर्ट्झच्या आसपास. आता पेटीवर तीच पट्टी दाबा. ती ३४९ ला बोलते. दोन्ही आवाज एकत्र आले की सेकंदाला पावणेतीन हेलकावे येतात. एकदा कानाला कळले की ते विसरता येत नाहीत.

गंधार ऐकू आलाच नाही तर जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून येणारी झणझण, तपासा. घोडीवरचा धागा जागेवर नसेल तर तार बद्द वाजते. धागा केसभर मागे-पुढे सरकवत जा. एका जागी तार एकदम खुलते, तिथे थांबा. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि शेवटचा बारीक फरक तारेत ओवलेल्या मणक्याने काढायचा. नवीन विद्यार्थ्याला यात पंधरा-वीस मिनिटं जातात. ती वाया जात नाहीत. ती सूरज्ञानाचीच तालीम आहे.

मधली लय

गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. आठ-नऊ वर्षांचं मूल पहिल्या दिवशी १४ सेंटने चुकत नसतं. ते गंधाराच्या जागी मध्यम लावतं, नाहीतर रिषभावरच रेंगाळतं. त्याला खर्जातून गंधार शोधायला सांगणं म्हणजे अक्षरओळख व्हायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासणं. पट्टी दाबली की सूर नेमक्या जागी आणि न डगमगता मिळतो. आधी सूर घरात येऊ दे, घर मग आवरता येईल.

दुसरी अडचण गायच्या पट्टीची, म्हणजे षड्ज किती उंच धरायचा याची, आणि प्रस्तावात तिचा विचारच नाही. शिकवणारे गृहस्थ काळी एकमध्ये गातात. समोरच्या मुलींची पट्टी काळी चार किंवा काळी पाच. त्या पट्टीत गुरुजी खाली गायले तर मंद्रात आवाज पोचत नाही, वर गायले तर तार सप्तकात गळा ताणला जातो. मग मुलींनी नक्कल कशाची करायची? आणि वर्गात पंधरा मुलं, वेळ पंचेचाळीस मिनिटं. एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. दिवसात असे चार वर्ग प्रत्येक सूर गळ्याने देऊन घेतले, तर शिकवणाऱ्याचा आवाज महिन्याभरात बसेल.

जोडतार

दोघांनीही सेंटवर आणि सोयीवर भर दिलाय. मला पेटीचा मुख्य तोटा वेगळा वाटतो. विद्यार्थी तिच्यावर रेलतो.

शिक्षक भाता जोरात मारून मुलाबरोबर प्रत्येक सूर वाजवतात. मुलाचा आवाज पेटीच्या आवाजाखाली झाकला जातो, आणि आपण कुठे आहोत हे मुलालाही कळत नाही, शिक्षकालाही नाही. एक चाचणी करून बघा. भूप रागातली मध्यलयीची बंदिश पेटीबरोबर सुरू करा. दोन आवर्तनांनंतर पेटी थांबवा, तानपुरा आणि ठेका चालू ठेवा. चार आवर्तनांनी पेटी पुन्हा उघडा. रेलून गाणाऱ्याचा सूर तोवर उतरलेला असतो. काही जणांचा चढतो, विशेषतः घसा आवळून गाणाऱ्यांचा. जो विद्यार्थी जागेवर राहतो, त्याला पेटीने काही अपाय केलेला नाही.

तेव्हा बंदी पेटीवर नको, बरोबरीने वाजवण्यावर हवी. आधी विद्यार्थ्याने सूर लावावा, पाच-सात सेकंद धरावा, मग पट्टी दाबून बघावी. आधी गळा, मग पट्टी. हा क्रम उलटला की कान आळशी होतो.

भाता

पेटीला दोषी ठरवण्याचा प्रयोग आपल्याकडे सरकारी पातळीवर होऊन गेला आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी आणली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या तीस वर्षांत मैफलींतून पेटी हटली का? उलट गायकांनी ती जवळ केली. आप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर या पेटीवादकांची साथ ऐका आणि मग सांगा की या वाद्याने गाणं बिघडतं.

त्याआधीचं उदाहरण गोविंदराव टेंबे यांचं. पेटीवाला म्हणून ज्यांचं नाव झालं, त्यांनीच भास्करबुवा बखले या गवयांची आणि अल्लादियाखाँसाहेबांची गायकी इतकी आत्मसात केली की पेटीतून गायकी ऐकू येते असं जाणकार म्हणत. कान पेटीने बिघडत असते तर हे घडलंच नसतं. आणि सुरांची तक्रार असेल तर उपायही निघाले आहेत. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी गवई अब्दुल करीमखाँसाहेबांच्या मदतीने श्रुतींची (सुरांमधल्या बारीक जागांची) पेटी करून पाहिली होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली आहे.

खर्जाची तार

टेंब्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी गायकी गळ्यातून निघालेली ऐकली आणि ती बोटांत आणली. आज वर्गात प्रवास उलटा चालतो, पेटीतून गळ्यात. जळगावकर-वालावलकरांची साथही गायकाच्या मागून चालते, सूर दाखवायला पुढे जात नाही.

श्रुतींच्या पेटीने जागा सुधारतात, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) येत नाही. दरबारीचा गंधार मध्यमाला स्पर्श करत डोलतो. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला. पेटीवर शिकलेला विद्यार्थी दरबारीत ग, म, रे, सा असे चार वेगळे दगड ठेवतो, आणि त्यांच्यामधली जी वाट म्हणजेच राग, ती रिकामी राहते. पुढे तीन-चार वर्षांनी हे तुकडे जोडायला बसलं की दुप्पट मेहनत लागते.

पट्टीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि मी तो सोडून दिला होता. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, म्हणून काही शिक्षक आपल्या षड्जात गातात आणि मुलींना तो मध्यम समजायला सांगतात. मोठ्या विद्यार्थिनीला हे जमतं, लहान मुलीचा षड्जच हलतो. त्यापेक्षा त्याच पट्टीत गाणारी पुढच्या वर्गातली मुलगी शेजारी बसवावी. सूर तिने लावायचा, दुरुस्ती गुरुजींनी सांगायची.

मंद्र

मोबाइलवरच्या तानपुऱ्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्जाचा मूळ सूर जवळजवळ येतच नाही, वरची झणझण तेवढी येते. त्यावर गाणारी मुलं खर्जाचा आधार न मिळाल्यामुळे आवाज वर ओढतात. बाहेरचा स्पीकर जोडा आणि आवाज गळ्यापेक्षा थोडा कमी ठेवा. मालकंसाला पहिली तार मध्यमाची, पूरिया-मारव्याला निषादाची. हे बदलायला अनेक जण विसरतात आणि मारव्यात पंचम घुमत राहतो. पेटीही घेणार असाल तर आधी दोन्हींचा षड्ज जुळवा. जुन्या पेटीचे सूर उतरलेले असतात, ॲपचे नसतात.

मधली लय

जोडतार यांचा क्रम पटला. बरोबरीने वाजवणं बंद करायला माझी हरकत नाही. पण पहिले तीन महिने, सरगम आणि शुद्ध स्वरांचे अलंकार चालू असताना, पट्टीशिवाय पंधरा मुलांचा वर्ग चालत नाही, यावर मी ठाम आहे. संगीताच्या प्रारंभिक-प्रवेशिकेच्या परीक्षांची तयारीही याच वर्गांतून होते. पुढच्या वर्गातली मुलगी शेजारी बसवायची सूचना चांगली आहे, पण तिचा स्वतःचा गंधार पेटीवरच पक्का झालेला असेल तर?

खर्जाची तार

तर आधी तिला खर्ज छेडायला बसवा. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, फक्त गंधार लावायचा आणि हेलकावे थांबेपर्यंत आवाज हळूहळू खाली आणायचा. तीन महिन्यांची तुमची मुदत मी मान्य करतो, अट एकच: चौथ्या महिन्यापासून भाता फक्त तपासणीपुरता उघडायचा.