प्रतिसाद: खुला कोड आणि सुरक्षितता

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना पाहता येत असल्यामुळे त्यातले दोष आपोआप उघडकीस येतात, हे विधान मला अर्धेच पटते. मी हौसेखातर प्रोग्रॅमिंग करतो आणि दुसऱ्यांची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरताना तिचा कोड उघडून वाचल्याचे प्रसंग, खरे सांगायचे तर, फारच थोडे आहेत. इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त स्रोत लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष २०१२ साली आलेल्या आवृत्तीत शिरला आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. मधली दोन वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोरच होता. चूकही गूढ नव्हती. समोरच्याने मजकुराची जी लांबी सांगितली, ती प्रत्यक्षाशी ताडून न पाहता सर्व्हर तेवढी मेमरी परत पाठवत असे, आणि अशा एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंतचा ऐवज, प्रसंगी पासवर्डसुद्धा, बाहेर जाऊ शकत होता.

बाहेरून आलेल्या माहितीवर विश्वास टाकण्याची हीच खोड एसक्यूएल इंजेक्शनच्याही, म्हणजे वापरकर्त्याच्या मजकुरातून डेटाबेसला भलतीच आज्ञा देण्याच्या हल्ल्याच्याही, मुळाशी आहे. माझ्या पहिल्या संकेतस्थळात मी वापरकर्त्याने लिहिलेला शब्द सरळ क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) जोडत असे. शोधाच्या चौकटीत एकेरी अवतरणचिन्ह टाकताच पान कोसळले, तेव्हा कुठे असा मजकूर पॅरामीटर म्हणून आज्ञेपासून वेगळा पाठवण्याचे महत्त्व उमगले.

मात्र विधानाचा उरलेला अर्धा भागही खरा आहे. फाइलींचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड या मुक्त स्रोत लायब्ररीत मुद्दाम पेरलेले मागचे दार (गुपचूप शिरकावाची वाट) मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना सापडले, ते एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडले जाण्याच्या सोयीने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना. सगळ्या फाइली खुल्या नसत्या, तर हा तपास बहुधा त्या विलंबापाशीच अडला असता.