जुना फोर्टरान कोड जीपीयूवर आणला, तर उलट हळू झाला

पर्जन्यवेडा:
मंडळी, ढगांच्या सूक्ष्मभौतिकीचा आमचा कोड फोर्टरान ७७ मधला आहे, जागोजागी कॉमन ब्लॉक (सगळ्या सबरूटीन मिळून वापरतात ती सामायिक मेमरी). आता क्लस्टरवर ए१०० जीपीयू कार्डं आलीत म्हणून प्रत्येक मोठ्या लूपवर ओपनएसीसीचे डायरेक्टिव्ह (लूप जीपीयूवर चालवायच्या कंपायलरला सूचना) टाकले. चालतो, पण सीपीयूपेक्षा हळू! शिवाय पावसाचे आकडे सातव्या-आठव्या अंकापासून वेगळे. सर म्हणतात, आकडे तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. सगळं सी++ मध्ये नव्याने लिहू का?

रेवती_एचपीसी:
अजिबात नको. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०१६ मध्ये कॉस्मो मॉडेल जीपीयूवर रोजच्या अंदाजासाठी आणलं, तेव्हा गतिकीचा गाभा (हवेच्या हालचालीचं गणित) सी++ मध्ये लिहिला, पण भौतिकी (ढग, पाऊस वगैरे) फोर्टरानमध्येच ठेवून ओपनएसीसीने चालवली. तुझं काम नेमकं त्या दुसऱ्या भागातलं आहे.

हळू का, ते प्रोफाइलर (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) सांगेल. मला वाटतं प्रत्येक लूपला अ‍ॅरे कार्डावर चढतात आणि लगेच उतरतात. कार्डाची मेमरी सेकंदाला सुमारे १,५०० गिगाबाइट पुरवते, सीपीयू आणि कार्ड जोडणाऱ्या पीसीआय-एक्स्प्रेसमधून फार तर ३०. टाइम-लूपच्या आधी एकदाच डेटा चढव आणि आउटपुटपुरताच उतरव. अ‍ॅरेत उंचीचा इंडेक्स के पहिला असेल तर आडव्या दिशेचा इंडेक्स आय पहिला कर, म्हणजे शेजारचे थ्रेड (कार्डावर एकाच वेळी चालणारी छोटी कामं) शेजारची मेमरी वाचतील. थेंब वरून खाली पडतात, त्यामुळे के-लूप क्रमानेच चालू दे.

आकड्यांची मला जास्त काळजी वाटते. तेच इनपुट कार्डावर दोनदा चालव.

पर्जन्यवेडा:
ताई, दोनदा चालवलं. दोन्ही वेळा वेगळं उत्तर!

रेवती_एचपीसी:
मग हे राउंडिंग नसावं. कॉमन ब्लॉकमधले तात्पुरते अ‍ॅरे बघ. एका वेळी हवेचा एकच उभा स्तंभ चालायचा तेव्हा ते बरोबरच होते, लिहिणाऱ्यांनी त्यांच्या मशीनसाठी चोख लिहिलं होतं. आता हजारो थ्रेड त्याच जागेवर लिहितायत. ते सबरूटीनमध्ये स्थानिक कर किंवा प्रायव्हेट (प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत) ठेव.

ढगफुटी_नाही:
त्यानंतरही शेवटचे अंक हलतीलच, कारण कार्ड गुणाकार आणि बेरीज एकाच राउंडिंगमध्ये करतं. ही सोय, म्हणजे एफएमए, बंद करून तुलना करा. सरांना पटवायला सीपीयूवरच सुरुवातीच्या तापमानात दहाव्या दशांश स्थळी किंचित बदल करून वीसेक रन घ्या. त्यांच्या पसाऱ्यात जीपीयूचा रन बसला, तर मॉडेलचं हवामान तेच आहे.

पर्जन्यवेडा:
तीन सबरूटीनमध्ये तसे अ‍ॅरे सापडले. ते हलवल्यावर दोन्ही रन जुळले. उद्या डेटाचं काम हातात घेतो.