मदत हवी आहे: बायोकेमिस्ट्रीची पुढची पातळी, पाठांतरावर भागत नाही

नमस्कार मंडळी,

सुरुवातीचा पेपर आरामात सुटला. ग्लायकोलिसिस, क्रेब्स सायकल (पेशी ग्लुकोजमधून ऊर्जा काढते ते टप्पे) घडाघडा म्हणता येतात. आता मात्र 'पायऱ्या लिहा' असं कुणी विचारतच नाही. आलेख देतात आणि म्हणतात, सांगा काय चाललंय.

सध्या गाडं दोन ठिकाणी रुतलंय. क्रेब्स चक्रात मॅलेट डीहायड्रोजनेज हे एन्झाइम मॅलेटचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट करतं. त्या पायरीतला प्रमाण मुक्त ऊर्जेचा बदल जवळपास +३० किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे प्रमाण स्थितीत ती आपोआप पुढे जात नाही. तरी चक्र पुढे सरकतं कसं? 'पुढचं एन्झाइम ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट उचलतं' हे उत्तर मलाही पाठ आहे, पण किती उचलायला हवं ते आकड्यात मांडता येत नाही.

दुसरं, अनकॉम्पिटिटिव्ह इनहिबिशनमध्ये (इनहिबिटर म्हणजे एन्झाइमला अडवणारा पदार्थ) व्हीमॅक्सबरोबर, म्हणजे कमाल वेगाबरोबर, केएमही (निम्म्या कमाल वेगाला लागणारी सबस्ट्रेटची संहती) घटतो. म्हणजे पकड घट्ट झाली ना? मग इनहिबिटरने अडवलं की मदत केली?

फिजिकल केमिस्ट्री आधी पूर्ण करू की जोडीने? पुस्तकांची यादी नको, ढीग आहे.

प्रतिसाद १
जोडीनेच करा, नाहीतर सत्र संपेल. सुरुवातीला मुक्त ऊर्जेचं समीकरण आणि समतोल एवढं पुरतं. २५ अंश सेल्सिअसला तयार झालेल्या आणि मूळ पदार्थांच्या संहतींचं गुणोत्तर दहापट बदललं की मुक्त ऊर्जा सुमारे ५.७ किलोज्यूलने बदलते. म्हणजे ३० फेडायला पाचाहून थोड्या जास्त दहापटी. या पायरीत एनएडी प्लसचं एनएडीएचही होतं; एनएडी प्लस हे एनएडीएचच्या दहापट धरलं तर एक तिथेच मिळाली. उरलेल्यासाठी मॅलेट ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटच्या दहा हजार पटींहून जास्त हवं. सिट्रेट सिंथेज (तेच ते पुढचं एन्झाइम) ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट इतकं तुटपुंजं ठेवतं, म्हणून गाडी चालते.

प्रतिसाद २
दुसऱ्याचं मी सांगते. हा इनहिबिटर मोकळ्या एन्झाइमला शिवत नाही, एन्झाइम-सबस्ट्रेट संकुलालाच चिकटतो. संकुल अडकलं की समतोल तिकडेच ओढला जातो, म्हणून केएम कमी दिसतो. पकड घट्ट, काम ठप्प! दोन्ही एकाच पटीत घटतात, त्यामुळे लाइनविव्हर-बर्क आलेखात (१/वेग विरुद्ध १/सबस्ट्रेटची संहती) रेषा समांतर. आधी यंत्रणा कागदावर काढायची, रेषा कुठे जाईल ते लिहायचं, मगच पुस्तकातला आलेख उघडायचा. कंटाळवाणं आहे, पण डोक्यात राहतं.

धागाकर्ता
दोघांचे आभार, दहापटींचा हिशोब जमला. ग्लायकोलिसिसमधल्या अल्डोलेजच्या पायरीच्या +२४ लाही हेच लावू?

प्रतिसाद १
लावा, पण तिथे एका रेणूचे दोन होतात. नुसतं गुणोत्तर पुरणार नाही, प्रत्यक्ष संहतीही लागेल. करून इथे टाका, तपासू.