‘स्वमग्न’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (वाघबीळ, ठाणे) : मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय. पहिलीच्या अर्जात ‘विशेष माहिती’च्या रकान्यात यांनी ‘स्वमग्न’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्यातच दंग? मग ‘पुढील स्टेशन घणसोली’ म्हणत माझा पदर कोण ओढतं?” माझी बहीण घणसोलीला राहते. मावशीकडे जायचं असलं की तो घरातही हेच म्हणतो, लोकलमधल्या घोषणेच्या सुरात. तेव्हापासून शब्द खटकतोय.

उत्तर (वाशी, विशेष शिक्षिका) : ताई, सासूबाईंनी नेमकं बोट ठेवलं. ‘मग्न’ म्हणजे बुडालेला. ध्यानमग्न, विचारमग्न म्हटलं की माणूस स्वतःहून आत गेलाय असंच वाटतं. त्यामुळे वर्गात ‘मुद्दाम लक्ष देत नाही’ हा निष्कर्ष फार लवकर निघतो. इंग्रजी शब्दही ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्व’ यावरूनच आला. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला. पुढे 1943 मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने 11 मुलांची वर्णनं लिहिताना तोच उचलला. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला जे दिसलं, त्याचं हे नाव.

आतून पुष्कळदा उलटंच असतं. पंख्याची घरघर, कॉलरचं लेबल, मधल्या सुट्टीची घंटा, सगळं एकदम अंगावर येतं. मग मूल कान झाकतं, हात फडफडवतं. त्याला हट्ट म्हणू नका. हट्टाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की तो थांबतो. हे मूल खाऊ देऊनही थांबत नाही, त्याला आधी शांत जागा लागते.

आणि घणसोली! ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं याला आम्ही प्रतिध्वनी-भाषण म्हणतो. ‘पाणी हवं का तुला?’ असं विचारणाऱ्या मुलाला स्वतःलाच तहान लागलेली असते. ती पोपटपंची नाही, ते त्याचं बोलणं आहे.

आणखी एक (कळवा) : ‘ऑटिझमग्रस्त’ तर मुळीच लिहू नका. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसं मुलावर कुठलं संकट कोसळलेलं नाही. ‘रुग्ण’ही नको, आजार नाही हा. माझी मुलगी ‘मी ऑटिस्टिक आहे’ असंच सांगते.

विशेष शिक्षिका : मान्य. पण सरकारी मराठीत ‘स्वमग्नता’ रुळलाय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे कागदपत्रांत तो शब्द असू द्या. रकान्यात मात्र एका शब्दावर थांबू नका. शाळेला काय करायचंय ते लिहा : एका वेळी एकच सूचना, उत्तराला वेळ, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत. ‘डोळ्यांत बघून बोल’ हा आग्रह नको, न बघताही तो ऐकत असतो.

वाघबीळ : लिहिलं. ‘ऑटिस्टिक (स्वमग्न)’, आणि खाली तुमच्या चारही गोष्टी. सासूबाईंनी पाचवी घालायला लावली : “घणसोली म्हणाला तर त्याला मावशीची आठवण आली आहे.”