मदत हवी आहे: ससा असलेल्या घरात गिनीपिग, मध्ये जाळी पुरेल का?

मोरपंखी
घरी दीड वर्षाचा ससा आहे. नसबंदी झालेली, तब्येत ठणठणीत. आता ६ आठवड्यांच्या दोन गिनीपिग माद्या येणार आहेत. घर वन बीएचके. हॉलमध्ये सशाच्या पिंजऱ्याला लागूनच, मध्ये फक्त जाळी, असा त्यांचा पिंजरा मांडायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, एकत्रसुद्धा राहतात. जाळी पुरेल का? आणि सशाचंच खाणं त्यांना चालेल का?

गवती_चहा
जाळी पुरणार नाही. सशाच्या मागच्या पायांच्या एका लाथेने गिनीपिगची हाडं मोडू शकतात. ती लाथ जाळीने अडते, बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू अडत नाही. पुष्कळ सशांच्या नाकाघशात तो असतो आणि ससा मजेत असतो. गिनीपिगला मात्र त्याने न्यूमोनिया होतो, पिल्लं तर पटकन दगावतात. त्यामुळे ‘ठणठणीत’ला इथे काही अर्थ नाही. नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आला तरी खात्री देता येत नाही.

शिंकेचे तुषार, तुमचे हात, बाही, वाडगे, सगळ्यांवरून तो जातो. म्हणून गिनीपिग बेडरूममध्ये, दार लोटलेलं. रोजचं काम आधी त्यांचं, मग सशाचं. क्रम चुकला तर साबणाने हात धुवा आणि शर्ट बदला, कारण ससा नाक घासतो ते नेमकं छातीशी. वाडगे, बाटल्या, ब्रश, सुपली वेगळी. गवताचा गठ्ठा उघडला की लगेच दोन डब्यांत वाटा. सशाने हुंगून टाकलेलं गवत ‘वाया कशाला’ म्हणून तिकडे जाऊ नये. (हे सगळ्यांकडून होतं.)

खाण्याचं: ससा क जीवनसत्त्व शरीरात तयार करतो, गिनीपिगला ते जमत नाही. त्यामुळे सशाच्या पेलेट्सवर ठेवलेल्या गिनीपिगचे सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. रोज किलोमागे १० ते ३० मिग्रॅ लागतं. लाल ढोबळी मिरचीचा १५-२० ग्रॅमचा तुकडा एकीला पुरतो. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका. ते लवकर निकामी होतात आणि चव बदलली की त्या पाणीच कमी पितात. लसूणघास वाढीच्या वयात थोडा ठीक, नंतर रोज नको, कॅल्शियममुळे मूतखडे होतात. साधं वाळलं गवत दोघांनाही दिवसभर, हवं तेवढं.

मोरपंखी
बेडरूममध्ये एसी चालेल? आणि खाली सुताराकडचा भुसा?

खारुताई
एसी २२-२४ वर चालेल, झोत पिंजऱ्यावर नको. उन्हाळ्यात तो दोघांनाही लागेल. २८ अंशांच्या वर उष्माघाताची भीती असते. त्या वेळी हॉलमधला टेबल फॅन बेडरूमच्या दाराकडे तोंड करून ठेवू नका, सशाकडची हवा आत ढकलली जाईल.

सुताराचा भुसा अजिबात नको. त्यात बारीक धूळ असते, प्लायचा गोंद असतो. वर्तमानपत्रावर फ्लीसचं कापड घाला, ओला कोपरा रोज बदला. मुताचा अमोनिया साचला की श्वासनलिका हुळहुळी होते आणि जंतूला वाट मिळते. मुताचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो. त्यावर ब्लीच ओतू नका, विषारी वायू होतो. फिनेलही नको.

गवती_चहा
राहिलंच: दोघांपैकी कोणालाही घरातलं अमॉक्सिसिलिनचं सिरप पाजू नका. पोटातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि हगवणीने प्राणी जातो. छोट्या प्राण्यांवर उपचार करणारा व्हेट त्या येण्याआधीच शोधून ठेवा.

खारुताई
आणि किचनचा काटा घ्या, आठवड्यातून दोनदा वजन. या वयात ते वाढतच राहायला हवं. घटलं तर व्हेटला फोन. नाकाडोळ्याशी खपली, फुललेले केस, पोट आत-बाहेर करत श्वास, किंवा १२ तास खाणं बंद, यातलं काही दिसलं तर रविवार असला तरी थांबू नका.